पिकअपचा टायटेनियम सायलेन्सर

व्यापारी घराण्यांत मालवाहू वाहनाची निवड वर्षानुवर्षे दोनच प्रश्नांवर होत आली. गाडी किती पोती उचलते आणि किती डिझेल पिते? टाटाची २०७ असो वा महिंद्राची बोलेरो पिकअप, तिसरा प्रश्न कोणी विचारीत नसे. २०१६ साली इसुझूची व्ही-क्रॉस आली, २०२२ साली टोयोटाची हायलक्स आली, आणि पिकअप गोदामाच्या दारातून उठून बंगल्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. तिच्यामागोमाग हौसेची एक लांबलचक यादीही घरात शिरली. त्या यादीत सध्या अग्रभागी आहे तो टायटेनियमचा एक्झॉस्ट, म्हणजे आपल्या बोलीतला सायलेन्सर.

परिचयातील एका घरात या विषयावरून वडील व चिरंजीव यांच्यात काही दिवस अबोला होता. पैसे चिरंजीव स्वतःच्या बचतीतून देणार, गाडी मात्र फर्मच्या नावावर आणि तीवर बँकेचे कर्ज. हौस एकाची, मालकी दुसऱ्याची, तारण तिसऱ्याकडे. असा तिढा बँकेतील नोकरीच्या काळात अनेक वेळा पाहिला असल्याने, दोन्ही बाजू नीट समजून घेऊनच लिहावे असे वाटले.

प्रथम चिरंजीवांची बाजू पाहू, कारण ती सर्वस्वी पोकळ नाही. टायटेनियम ही खरोखरच गुणी धातू आहे. १७९१ साली इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे विल्यम ग्रेगर यांनी काळ्या वाळूत तिचा शोध लावला आणि १७९५ साली क्लापरोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तिचे नामकरण केले. तशीच काळी वाळू, म्हणजे इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. ही धातू गंजत नाही आणि तापल्यावर पोलादापेक्षा कमी प्रसरण पावते. तिचा मुख्य गुण म्हणजे हलकेपणा. एका घन सेंटिमीटरचे वजन टायटेनियमचे सुमारे साडेचार ग्रॅम, तर स्टेनलेस स्टीलचे सुमारे आठ ग्रॅम भरते. शर्यतीच्या मोटारसायकलींनी ती आधी स्वीकारली, आणि २००१ सालच्या शेव्हरोले कॉर्व्हेट झेड-०६ या अमेरिकन मोटारीला कारखान्यातूनच टायटेनियमचे मफलर बसून आले. त्या बदलाने सुमारे आठ किलो वजन वाचले.

आता हाच हिशेब पिकअपला लावून पाहू. समजा, मागील अर्ध्या भागाचा स्टीलचा एक्झॉस्ट २५ किलोचा आहे. त्याच जाडीचा टायटेनियमचा केला तर तो १४ किलोच्या आसपास भरेल आणि ११ किलो वाचतील. गाडीचे स्वतःचे वजन दोन टनांहून अधिक, म्हणजे बचत अर्धा टक्का. ११ किलो म्हणजे साधारण १३ लिटर डिझेल. टाकी काठोकाठ न भरता निघाले तरी तेवढेच वजन वाचते, आणि त्यासाठी एक पैसाही पडत नाही. जी धातू दोनशे किलोच्या मोटारसायकलचा स्वभाव बदलते, ती दोन टनांच्या पिकअपला जाणवतसुद्धा नाही. हलकेपणा हे खरेदीचे कारण सांगितले जात असेल, तर ते कारण तपासाला टिकत नाही.

शक्तीचेही तसेच आहे. आपल्याकडील या पिकअप टर्बोडिझेल आहेत. धूर आधी टर्बोच्या पात्यांमधून जातो, मग उत्प्रेरक व काजळी अडविणाऱ्या गाळणीतून, म्हणजे डीपीएफमधून. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाल्यावर ही गाळणी डिझेल गाड्यांचे अविभाज्य अंग झाली. धुराला खरा अडथळा तेथे होतो. गाळणीच्या पुढचा नळ सोन्याचा केला तरी इंजिनाला त्याचे फारसे सोयरसुतक नाही. आवाजाचा मोठा भागही टर्बोच गिळून टाकतो. चित्रफितींमध्ये जो खर्जातला घनगंभीर नाद ऐकू येतो, तो बहुधा अमेरिकेतील आठ सिलिंडरच्या पेट्रोल पिकअपचा असतो. आपल्या चार सिलिंडरच्या डिझेलमधून तो निघावा ही अपेक्षा म्हणजे तबल्यातून सनईचे सूर मागण्यासारखी आहे. उलट पातळ पत्र्याच्या नळातून ठरावीक गतीला एक कंटाळवाणी घुमघुम केबिनमध्ये उतरते, आणि पुणे ते सोलापूर एवढ्या प्रवासात ती डोके उठविते.

काही गॅरेजवाले यावर तोड म्हणून गाळणीच काढून टाकण्याचा सल्ला देतात. तो मुळीच ऐकू नये. गाळणी स्वतःला साफ करताना तिच्यातील तापमान ६०० अंश सेल्सियसच्या घरात जाते, आणि साधे शुद्ध टायटेनियम त्या उष्णतेत फार काळ राहिले तर हवेतील प्राणवायू शोषून ठिसूळ होऊ लागते. म्हणून टायटेनियमची जागा गाळणीच्या बरीच मागे. पुढचा भाग कारखान्याने दिला तसाच राहिला पाहिजे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींची स्थिती थोडी निराळी आहे. तेथे पिकअप हे कुटुंबाचेच वाहन. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून सर्वाधिक खपाची पिकअप राहिली आहे. उत्प्रेरकाच्या मागचा भाग बदलण्याची तेथे सर्रास रीत आहे. मात्र उत्प्रेरक वा गाळणी काढणे हा तेथील संघीय स्वच्छ हवा कायद्याचा भंग ठरतो. १९७५ च्या वॉरंटीविषयक कायद्यामुळे, बाहेरचा भाग बसविला एवढ्याच कारणावरून कंपनीला हमी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळेच झाला हे तिने दाखवावे लागते. आवाजाच्या मर्यादा राज्याराज्यांत वेगळ्या आहेत. तेथील पुतण्या-भाच्यांचे पाहून येथे अनुकरण करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

कारण आपल्याकडचा कायदा वेगळा आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. येथे 'मालक' हा शब्द महत्त्वाचा. गाडी फर्मच्या नावावर असेल, तर नोटीस फर्मच्या पत्त्यावर येते आणि उत्तर वडिलांना द्यावे लागते. आवाज व धुराच्या मर्यादा मोडल्यास कलम १९० अन्वये पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने परवाना अपात्र. जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आपण वृत्तपत्रांत पाहिलीच आहेत. रोलर स्टील आणि टायटेनियम असा भेद करीत नाही.

कर्जाचे आणि विम्याचे कलमही विसरू नये. गहाण असलेल्या गाडीत मोठा फेरफार करण्यापूर्वी करारनामा काढून वाचावा. वित्तसंस्थेची संमती बहुतेक ठिकाणी लागते. विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी, अन्यथा दाव्याच्या वेळी वादाला निमंत्रण मिळते. आणि हा खर्च धंद्याचा म्हणून फर्मच्या खात्यात दाखविण्याचा मोह टाळावा. मालवाहतुकीसाठी रंगीत नळाची गरज होती, हे कोणत्याही अधिकाऱ्याला पटविता येणार नाही.

एवढे सारे वाचूनही ज्यांची इच्छा कायम असेल, त्यांनी निदान माल पारखून घ्यावा. त्या गाडीसाठी रीतसर मान्यता असलेला संच आहे का, हा पहिला प्रश्न. त्यानंतर कस. बाजारात निळ्या-जांभळ्या टोकाचा प्रत्येक नळ 'टायटेनियम' म्हणून विकला जातो. तो रंग धातूवरील ऑक्साइडच्या सूक्ष्म थरामुळे दिसतो, आणि स्टीललाही तापवून आणता येतो. लोहचुंबकही फसवितो, कारण भांड्यांच्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले ३०४ स्टीलसुद्धा चुंबकाला फारसे चिकटत नाही. खरी कसोटी तराजूची. सुटा तुकडा आधी हवेत तोलावा, मग दोऱ्याने टांगून पूर्ण पाण्यात बुडवून तोलावा. ९०० ग्रॅमचा तुकडा टायटेनियमचा असेल तर पाण्यात सुमारे ७०० ग्रॅम भरेल, स्टीलचा असेल तर ७८८ च्या आसपास. सराफी पेढीवर बसलेल्यांना हे वेगळे शिकवायला नको.

सांधेही पाहावेत. टायटेनियम स्टीलला वितळवून जोडता येत नाही, जोड ठिसूळ होतो. म्हणून दोहोंमध्ये फ्लँज किंवा क्लॅम्प असावा. टायटेनियम वेल्डिंग आतून-बाहेरून आर्गॉन वायूच्या आच्छादनात करावे लागते. उत्तम सांधा रुपेरी दिसतो. राखाडी किंवा पांढरी भुकटी धरलेला सांधा आतून बिघडलेला समजावा. कोपऱ्यावरच्या गॅरेजला तो दुरुस्त करता येणार नाही. रासायनिक कारखान्यांची टायटेनियमची उपकरणे बनविणारी वर्कशॉप शोधावी लागेल. त्याचा खर्च खरेदीच्या वेळीच मनाशी धरावा.

व्यक्तिशः आम्ही चिरंजीवांना मध्यम मार्ग सुचविला: मूळ एक्झॉस्ट तसाच ठेवून त्या रकमेत उत्तम टायर आणि मालाच्या हौद्याला मजबूत झाकण घ्यावे. त्यांनी टायर घेतले आहेत. झाकणाबद्दल अद्याप विचार चालू आहे. ज्यांनी सायलेन्सर बदललाच आहे, त्यांनी मूळचा भंगारात देऊ नये. त्यावर गाडीचा क्रमांक रंगवून तो गोणपाटात गुंडाळावा आणि गोदामात कोरड्या जागी ठेवावा. गाडी विकताना नवा मालक तोच मागतो.