टीसीपी/आयपी जिंकला, की जिंकवला गेला?

इंटरनेटच्या इतिहासातील एक लाडकी कथा अशी: आयएसओ ही समित्यांत रुतलेली संस्था सात थरांचे ‘ओएसआय’ प्रतिमान कागदावर रेखाटत बसली, तिकडे आयईटीएफच्या मोकळ्या बैठकांत अभियंत्यांनी चालणारा कोड लिहिला आणि खुलेपणाचा विजय झाला. कथा गोड आहे, पण तारखांपुढे ती टिकत नाही.

आर्पानेटवर टीसीपी/आयपी सक्तीचा झाला १ जानेवारी १९८३ रोजी. आयईटीएफची पहिली बैठक भरली जानेवारी १९८६ मध्ये, अवघ्या २१ जणांची. म्हणजे ज्या विजयाचे श्रेय या संस्थेला दिले जाते, त्याचा पाया तिच्या जन्माआधीच घातला गेला होता. आणि तोही सहमतीने नव्हे, हुकमाने. आर्पानेट अमेरिकी संरक्षण खात्याचे होते. जुना एनसीपी सोडण्यास संगणक केंद्रे टाळाटाळ करीत होती, तेव्हा १९८२ मध्ये तो दिवसभर चक्क बंद करून दाखवण्यात आला. याला कोणी लोकशाही म्हणत असेल तर म्हणो! पुढे १९८३ मध्येच बर्कलीच्या ४.२ बीएसडी युनिक्समधून टीसीपी/आयपी विद्यापीठांच्या हाती आयता पडला. त्यामागेही पैसा संरक्षण खात्याचाच.

मग नुसता हुकूम पुरतो का? तेही नाही. १९९० पासून अमेरिकी सरकारने आपल्या संगणक-खरेदीत ओएसआय बंधनकारक केले. (त्या धोरणाचे लघुनाम ‘गॉसिप’ व्हावे, हा दैवाचा विनोद.) वापरण्याजोगी, स्वस्त उत्पादनेच पुरेशी नव्हती, १९९५ मध्ये ती सक्ती गुंडाळावी लागली. ओएसआय तेव्हा कोणाला हास्यास्पद वाटत नव्हते, हेही विसरता कामा नये: मुंबईची एनसीएसटी ज्यात होती त्या भारताच्या ‘अर्नेट’वर साधारण १९९५ पर्यंत दोन्ही प्रोटोकॉल नांदत होते.

आयईटीएफच्या महिम्याची खरी कसोटी आयपीव्ही६ ही आहे. त्याचे पहिले विनिर्देश डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. बैठका खुल्या, दस्तऐवज विनामूल्य, सहमतीही झालेली. तरी ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयपीव्ही४ पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला, तेव्हाही जग जुन्याच पत्त्यांवर चालले होते. नवा प्रोटोकॉल जुन्याशी थेट बोलू शकत नव्हता, बदलाचा खर्च आज करायचा होता आणि लाभ इतरांनी बदलल्यावरच मिळणार होता. १९८३ सारखा जुना प्रोटोकॉल बंद पाडणारा धनीही आता उरला नव्हता. भारतात आयपीव्ही६ची मोठी झेप दिसली ती २०१६ नंतर, जिओने नवे ४जी जाळे उभारताना त्याचा अवलंब केल्यावर.