मागील दारची फरशी

कोकणात पावसाळा संपला की अंगण 'करतात'. चार महिन्यांच्या पावसाने माती धुपलेली असते, पागोळ्यांखाली घळी पडलेल्या असतात, गवत गुडघ्यापर्यंत आलेलं असतं. दिवाळीपासून तुळशीच्या लग्नापर्यंतच्या दिवसांत ही झिजलेली जमीन खणायची, ढेकळं फोडायची, नवी माती घालायची, पाणी मारून मुरू द्यायची, चोपण्याने चोपायची आणि मग शेणाने सारवायची. पाणी जास्त झालं तर माती चोपण्याला चिकटून वर येते, कमी पडलं तर आठ दिवसांत भेगा पडतात. उतार घराकडून बाहेर हवा, नाहीतर पुढच्या पावसात पाणी जोत्याला लागतं. खणायला-चोपायला घरचा पुरुष असला तर तोही हात लावतो. पण रत्नागिरी जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या पुरुष मुंबईला आणि घर बाईच्या अंगावर. त्या घरांत हे सगळं बाईच करत आली. तिला मात्र आजवर कुणी कारागीर म्हटलेलं नाही. ती आपली 'अंगण सारवते'.

मग सिमेंट आलं, लाद्या आल्या, आता पेव्हर ब्लॉक आले. जमीन तीच, उतार तोच, पाणी बाहेर काढण्याचा प्रश्नही तोच. बदललं एवढंच की त्या कामाला मजुरी आली आणि मजुरी आल्याबरोबर ते काम पुरुषाचं झालं. थापी, ओळंबा आणि पाणसळ गवंड्याच्या हातात गेली. बाईच्या डोक्यावर घमेलं आलं. गवंडी या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप करून पाहा, त्याचा अर्थ गवंड्याची बायको असाच निघतो! १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला, पुढे २०१९च्या वेतन संहितेत तो सामावला. समान कामाला समान दाम. पण बांधकामावरच्या बाईला समान काम देतंच कोण? तिला वीस वर्षं बिगारीच ठेवलं की कायदा मोडायची वेळच येत नाही.

मला बोलायचं आहे ते मात्र बांधकामाच्या साइटबद्दल नाही, घराच्या मागील दाराबद्दल.

गणपतीला चाकरमानी येतात, शिमग्याला पालखी दारात येते, म्हणून पुढच्या अंगणाला पैसे मिळतात. ते मुंबईहून येतात आणि कुठे खर्चायचे हेही मुंबईहूनच ठरतं. मागील दारी मात्र बापजाद्यांच्या काळात टाकलेली फरशी. तिथे भांडी घासायची, धुणं धुवायचं, मासे साफ करायचे, न्हाणीतल्या चुलीला जाळ घालायचा. दिवसातून चाळीस खेपा होत असतील. फरश्या हललेल्या, सांध्यांतली माती वाहून गेलेली, मधे डबकं, त्यावर डास आणि जूनपासून सगळीकडे शेवाळ. म्हाताऱ्या बाया तिथे पडतात. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या बाया मी घरभेटींत पाहिल्या आहेत. 'वयानं तोल गेला' असं घरचे सांगतात. फरशी कधीपासून हलत होती, हे विचारलं की सुनेला महिना आठवतो. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला गावातल्या गरजांचं सर्वेक्षण कसं करायचं ते शिकवलं होतं. पाणी, रस्ता, शौचालय, वीज असे रकाने असत. मागील दारच्या चिखलाला रकाना नव्हता.

सरकारी मोजणीचंही तसंच आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, करणाऱ्या पुरुषाची ९७. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ निघाले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाचा नियम असा की स्वतःचं घर स्वतः बांधलं किंवा मोठी दुरुस्ती केली तर ते उत्पादन धरतात. साफसफाई आणि किरकोळ डागडुजी धरत नाहीत. आता दरवर्षी अख्खं अंगण खणून नव्याने करणं ही मोठी दुरुस्ती की साफसफाई? बाईने केलं तर उत्तर काय येईल, ते सांगायला नको.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या एका बचत गटातल्या पाच जणींनी एकीच्या मागील दारची आठ फूट बाय दहा फुटांची जागा स्वतः उखडून नव्याने केली. गवंड्याला विचारलं होतं. एवढ्याशा कामाला तो येईना, आणि येतो म्हणाला तेव्हा मजुरीचा आकडा ऐकून तिची सासूच नको म्हणाली. हे काम कसं झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण 'आपल्याला जमायचं नाही' हीच भीती सगळ्यांत मोठी असते.

जुन्या शहाबादी फरश्या दोघी-दोघींनी पहारीने उचकटल्या. बहुतेक धड निघाल्या. ज्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या त्या उलट्या बसवायच्या ठरल्या, कारण खालची बाजू खरबरीत असते आणि ओल्या जागी तेच बरं. खालची सडलेली काळी माती काढून मुरूम भरला, पाणी मारलं आणि धुमुसाने ठोकला. चोपण्याची सवय असल्याने इथे कुणाला शिकवावं लागलं नाही. उतारासाठी खुंट्या आणि दोरी. दर चार फुटांना एक इंच, घराकडून केळीच्या आळ्याकडे. सपाटी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना धरली. पाणी दोन्हीकडे एका पातळीत येतं, ही गवंड्याची विद्या पाच मिनिटांत कळली. मग एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू असा माल, दीड इंच थर, वर फरशी, थापीच्या दांड्याने ठोकून पाहायची. पोकळ वाजली तर उचलायची आणि खाली माल भरायचा. सांधे शेवटी भरले. दोन पोती सिमेंट पुरलं. हातात रबरी मोजे हवेतच, सिमेंटने कातडी जळते. घमेली वाहणाऱ्या बायांच्या बोटांना पडलेली भोकं कुणी पाहिली असतील तर हे वेगळं सांगायला नको. ज्यांना सिमेंट नको त्यांनी साठ मिलिमीटर जाडीचे ब्लॉक वाळूच्या थरावर बसवावेत. कडेला पक्का बांध घालावा, नाहीतर ते सरकतात. एक खचला तर तेवढाच उचलता येतो. चकचकीत टाइल्स मात्र उघड्यावर अजिबात घालू नयेत, दुकानदार कितीही स्वस्त देवो.

आठ दिवस पाणी मारलं. ते मारायचं काम बाईचं आहे याबद्दल गावात कधीच दुमत नव्हतं.

त्या दिवसांत धुणंभांडी पुढच्या अंगणात, नव्या ब्लॉकांवर चालली. शेजारचे काका म्हणाले, "वहिनी, दारात खरकटं बरं दिसत नाही." खरं म्हणजे त्या घरची भांडी कुठे घासतात हे इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा पाहिलं होतं.

मैत्रिणींपैकी काहींचा आक्षेप मला माहीत आहे. बाईवर आधीच कामाचं ओझं, त्यात हे आणखी कशाला? आक्षेप रास्त आहे. पण ती फरशी बाई आजही दुरुस्त करतेच आहे. कधी पोतं टाकून, कधी कौलाचे तुकडे ठोकून, कधी ब्लीचिंग पावडर घासून, दर आठवड्याला. म्हणून आमच्या गटाने एक अट घातली. ज्या घरचं काम त्या घरच्या पुरुषांनी त्या दिवसांत पाचही जणींचा स्वयंपाक करायचा. एका घरी हे जमलं, दुसऱ्या घरी मुंबईहून आलेल्या मुलाने हॉटेलातून वडापाव आणले. तेवढ्यावर आम्ही काम थांबवलं नाही, पण ती पळवाट आहे हे त्याला सांगितलं.

दुसरा मुद्दा परवानगीचा. "ह्यांना विचारल्याशिवाय फरशी कशी उखडायची?" हे मी प्रत्येक घरी ऐकलं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८वर पती-पत्नी दोघांची नावं लावावीत असा निर्णय महाराष्ट्र सरकारने २००३ साली घेतला. किती घरांच्या उताऱ्यावर बाईचं नाव आहे ते ग्रामपंचायतीत जाऊन पाहावं. आम्ही पाहायला जातो तेव्हा ग्रामसेवक आधी चहा मागवतात. फरशीच्या निमित्ताने गटातल्या तिघींनी अर्ज केले आहेत.

बायांनी बांधकाम शिकणं हे काही नवं नाही. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात गावोगावच्या बाया 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या. भिंत कशी बांधावी, कुठे मजबुती द्यावी हे त्या शिकल्या आणि त्यांनी इतरांना समजावलं. झारखंडमध्ये शौचालयं बांधायला शिकलेल्या बायांना 'रानी मिस्त्री' असं नावच पडलं. त्या भाषेत निदान शब्द तरी तयार झाला.

आमच्या गटाने दोन थाप्या, एक पहार, धुमुस, नळी आणि मोज्यांचे पाच जोड विकत घेतले आहेत. बँकेच्या माणसाने "हे कसलं उत्पन्नाचं साधन?" असं विचारलं, म्हणून ते कर्जातून नाही, गटाच्या दंडाच्या पैशातून घेतले. सध्या ते सामान तिसऱ्या घरी आहे. तिथली जागा मोठी आहे आणि कोपऱ्यात विहीर, त्यामुळे उतार दोन बाजूंना काढावा लागणार आहे.