अडीच टक्के म्हणजे अडीचच टक्के

रमजानचा दुसरा अशरा संपत आला की घराघरांत जकातीचा हिशेब सुरू होतो. आमचे अब्बा वहीच्या मागच्या पानावर दागिने, रोकड, दुकानातला माल आणि लोकांकडून येणे यांची बेरीज मांडत. त्यातून देणे वजा करत. उरलेली रक्कम निसाबाइतकी, म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी असली आणि तिला चांद्रवर्ष लोटले असले, की ती सरळ चाळिसाने भागत. टक्क्यांचे नावही निघत नसे.

आता हा हिशेब मोबाइल करतो. इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या भाच्याने गेल्या वर्षी मोहल्ल्यासाठी पायथॉनमध्ये छोटासा प्रोग्राम लिहिला. चार लाखांवर दहा हजार जकात बरोबर आली, पण शेजारी दर दिसला २ टक्के. “मामू, मी तर अडीचच लिहिलंय,” तो म्हणाला. ते खरेच होते. घोळ दाखवण्यात होता. दशांश न दाखवता टक्के छापायला सांगितले की पायथॉन नेमक्या अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेते. म्हणून २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. जावास्क्रिप्टमधली टक्के दाखवण्याची तयार सोय हाच दर ३ टक्के दाखवते. फर्ज एकच, पण एका पडद्यावर दोन, दुसऱ्यावर तीन!

इथे निदान रक्कम तरी बरोबर होती. सी किंवा जावामध्ये पूर्णांक ५ ला पूर्णांक २ ने भागले तर उत्तर २ येते. अपूर्णांक गुपचूप गळून पडतो. त्या दराने चार लाखांवर आठ हजारच निघतील. आधी १ ला ४० ने भागले तर उत्तर शून्य, म्हणजे जकातच माफ! आणि यंत्र चुकीची कसलीही सूचना देत नाही.

हे दोन हजार रुपये कोणाचे? एखाद्या विधवेच्या घरातली ईद त्यात होते. जकात म्हणजे आपली मेहेरबानी नव्हे, तो हकदाराचा हक्क आहे. मापात कमी देणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा आहे. मला वाटते, आजचे माप प्रोग्रामच्या ओळींतही असते.

म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलामुलींना सांगणे आहे : रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा. आधी गुणा, मग भागा. मधल्या पायरीवर काही छाटू नका. शेवटी पूर्ण रुपया करायचाच असेल तर वरचा करा, गरिबाच्या बाजूने. दर दाखवताना किमान एक दशांश स्थळ ठेवा. इंग्रजी वर्षाने हिशेब ठेवणाऱ्यांसाठी अकरा दिवस जास्त धरून सुमारे २.५७७ टक्के दर सांगितला जातो, तिथे तीन स्थळे लागतील.

आणि वापरणाऱ्यांनी? यंत्राचे उत्तर आले की कागदावर एकदा चाळिसाने भागून पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे. अल्लाहसमोर हिशेब आपल्याला द्यायचा आहे, मोबाइलला नाही.

भाच्याने दुरुस्ती केली. आता पडद्यावर २.५ टक्के दिसते आणि त्याखाली त्याने स्वतःहून लिहिले आहे : ‘चाळिसावा हिस्सा’. अब्बांची वही पुन्हा उघडल्यासारखे वाटले.