‘चालायचंच’ आणि ‘काढून टाका’



चाळिशी ओलांडलेल्या बाईची पाळी बिघडली की तिला दोनच उत्तरे मिळतात. घरातल्या आणि शेजारच्या बायका म्हणतात, “या वयात असं चालायचंच.” दवाखान्यात गेली तर पुष्कळदा ऐकावे लागते, “पिशवी खराब झाली आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.” पहिले उत्तर तिला गप्प बसवते, दुसरे घाबरवते. या दोन उत्तरांच्या मध्ये जे व्हायला हवे, म्हणजे नीट विचारपूस, तपासणी, समजावून सांगणे आणि मग तिचा स्वतःचा निर्णय, ते होतच नाही. हा अंक त्या मधल्या जागेविषयी आहे.

आधी शरीराचे समजून घेऊ. पाळी कायमची थांबण्याआधीची काही वर्षे बीजकोषाचे काम अनियमित होते. एखाद्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही. तसे झाले की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, गर्भाशयाचे अस्तर वाढतच राहते आणि पुढे उशिरा, पण भरपूर, बाहेर पडते. म्हणून कधी दोन महिने पाळी येत नाही, कधी पंधरवड्यात येते, कधी मध्येच डाग पडतात. यातले बरेचसे आजार नव्हे, बदलाचा काळ आहे. मात्र या काळात दिवस राहू शकतात, हे विसरू नये. पाळी चुकली की ‘आता गेली’ असे धरून चालणे धोक्याचे आहे.

पण सगळेच ‘वयाचे’ नसते. तासा-दोन तासाला कपडा किंवा पॅड भिजणे, मोठ्या गाठी पडणे, सात दिवसांपेक्षा जास्त अंगावर जाणे, दर महिन्याला दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडणे, संबंधानंतर रक्त दिसणे, दुर्गंधी असलेले पाणी जाणे यांपैकी काहीही असेल तर तपासणी हवीच. आणि पाळी थांबून सलग बारा महिने उलटल्यावर एक डाग जरी पडला तरी लगेच दाखवायला हवे. त्यामागे बहुतेक वेळा साधे कारण निघते. पण गर्भाशयाच्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते आणि वेळेवर कळले तर उपचार होतो. याच ठिकाणी ‘चालायचंच’ जीवावर बेतते.

बायका बोलत का नाहीत? वस्तीतल्या बैठकांमध्ये मी पाहते, मुलीच्या पाळीविषयी बोलणारी बाई स्वतःचे विचारले की पदर सावरून विषय बदलते. मुले झाली, ऑपरेशन झाले, आता कशाला लाजेची गोष्ट काढायची! आरोग्ययोजनांनाही बाई दिसते ती मुख्यतः गरोदर असताना. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा एक तरी त्रास होता, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. ही दरी आजही आपल्या ओळखीची आहे.

न बोललेल्या त्रासाचे पुढे काय होते ते बीडने दाखवले. २०१९ साली ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक. यातल्या कितीतरी जणी तिशी-चाळिशीच्या होत्या. फडावर शौचालय नाही, पाणी नाही, एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात, उचल फिटत नाही. अशा वेळी “काढून टाका” हे बाईला सुटकेसारखे वाटते. कागदावर तिचा अंगठा असतो. पण कॅन्सरची भीती आणि बुडालेली मजुरी यांनी उमटवलेल्या अंगठ्याला संमती कसे म्हणायचे?

हे एका जिल्ह्यापुरते नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा प्रश्न देशपातळीवर विचारला गेला. १५ ते ४९ वयाच्या ३.२ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. निम्म्याहून अधिक जणींनी कारण सांगितले ते अति रक्तस्रावाचे किंवा पाळीतल्या दुखण्याचे, आणि सुमारे दोन-तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झाल्या होत्या.

शस्त्रक्रिया कधीच नको, असे आमचे म्हणणे नाही. कॅन्सर असेल, इतर उपचारांनी न थांबणारा रक्तस्राव असेल, तर ती बाईचा जीव वाचवते. पण ती पहिली पायरी नव्हे. आधी गरोदरपणाची चाचणी, हिमोग्लोबिन, थायरॉईड, गर्भाशयमुखाची तपासणी आणि सोनोग्राफी. वय ४५ च्या पुढे असेल तर अस्तराचा तुकडा तपासणेही. तांबी बसवलेली आहे का, हे विचारायला हवे. तिनेही रक्तस्राव वाढतो. मग लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव कमी करणारी औषधे, संप्रेरकांच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचे संप्रेरकाचे साधन. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोषही काढले तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात, हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. हे शस्त्रक्रियेआधी किती जणींना सांगितले जाते?

५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, केंद्राने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश दिला. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ साली केलेल्या याचिकेवरचा हा निकाल. त्या तत्त्वांमध्ये देखरेख समित्यांची तरतूद आहे. पण समिती कागदावरून जमिनीवर येते ती कोणीतरी विचारत राहिले तरच.

ते विचारणारे आपले गट असायला हवेत. म्हणून या तिमाहीसाठी चार कामे सुचवते. चाळिशीपुढच्या प्रत्येक मैत्रिणीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीचे आणि डागांचे दिवस खुणावून ठेवावेत. डॉक्टरांसमोर ‘खूप जातं’ यापेक्षा ती खूण अधिक बोलते. बाई दवाखान्यात जाईल तेव्हा गटातली एक जण सोबत जावी. शस्त्रक्रिया सांगितली तर “तपासणीत काय निघालं, दुसरा उपचार कोणता, बीजकोष ठेवणार का,” हे तीन प्रश्न विचारावेत, आणि तातडी नसेल तर सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. चौथे, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी विचारावे: देखरेख समिती आहे का, ती कधी बसली, तिने काय पाहिले? ऊसतोडीच्या गावांतल्या गटांनी हे टोळ्या निघण्याआधीच करावे.

आलेली उत्तरे, आणि न आलेलीही, आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ती छापू.