तीन भाकरी दुसऱ्यासाठी

ज्येष्ठ लागला की शहापूर तालुक्यातील माणसाची मान दिवसातून दहा वेळा माहुलीच्या सुळक्यांकडे वळते. राब भाजून झालेला असतो, भाताचे बियाणे पाखडून ठेवलेले असते, विहिरीच्या तळाशी वाटीवाटीने पाणी भरणाऱ्या बायका वर येऊन क्षणभर कमरेवर हात ठेवतात व पश्चिमेकडे पाहतात, आणि आभाळ कोरडेच असते. माझे बालपण भातसानगरच्या धरणवस्तीत गेले. तेथे अशा संध्याकाळी आमच्या घरच्या उपासनेत एलीया संदेष्ट्याची कथा वाचली जाई. दीर्घ अवर्षणानंतर कर्मेल डोंगरावर गुडघ्यांत डोके घालून तो साऱ्या लोकांसाठी पाऊस मागत बसतो आणि गड्याला पुनःपुन्हा समुद्राकडे पाहून यायला धाडतो. सहा खेपा तो गडी निराशेचे वर्तमान घेऊन परततो, आणि सातव्या खेपेस त्याला तळहाताएवढा ढग दिसतो. लहानपणी मला त्या ढगाचे अप्रूप वाटे. आता उतारवयात त्या सहा खेपांविषयी अधिक आदर वाटतो, कारण विश्वास ठेवणाऱ्या माणसाचे बहुतेक आयुष्य त्या सहा खेपांतच खर्ची पडते हे मी जवळून पाहिले आहे.

स्वतःसाठी मागणे निराळे आणि दुसऱ्यासाठी मागत राहणे निराळे. या दुसऱ्या प्रकाराला आम्ही ख्रिस्ती लोक मध्यस्थीची प्रार्थना म्हणतो. मध्यस्थी हा शब्द आपल्या व्यवहारात सोयरीक जुळविणाऱ्यापासून भाऊबंदकीचा तंटा मिटविणाऱ्यापर्यंत सर्वांना लागू पडतो, आणि कचेरीच्या पायरीवर त्याच्या शेजारीच वशिला उभा असतो. परंतु वशिला लावणाऱ्याच्या पदरी स्वतःचे वजन असावे लागते, आणि मध्यस्थीची प्रार्थना करणाऱ्याजवळ तसले काहीच नसते. तो स्वतःही अर्जदारच असून दुसऱ्याचा अर्ज हाती घेऊन उभा राहिलेला असतो. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. ग्रंथ सिद्धीस गेल्यावर ज्ञानेश्वरांनी जे पसायदान मागितले त्यात स्वतःच्या सुखाची मागणी कोठे आहे? साऱ्या जगासाठी पदर पसरण्याची रीत या भूमीत सातशे वर्षांहून अधिक काळ मुरलेली आहे. प्रश्न आहे तो पसरलेला पदर किती दिवस तसाच धरून ठेवावयाचा, हा.

त्याचे उत्तर मला लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात सापडते. मध्यरात्री मित्राच्या दारावर थापा मारणाऱ्या माणसाचा दृष्टांत येशूने तेथे सांगितला आहे. पुष्कळ प्रवचनांत त्या माणसाच्या चिकाटीचे आणि भीड सोडून मागण्याच्या त्याच्या धैर्याचे कौतुक होते. परंतु त्याने मागितलेल्या तीन भाकरींपैकी एकही स्वतःच्या पोटासाठी नव्हती, ही गोष्ट सहसा निसटून जाते. त्याच्या घरी अवेळी पाहुणा आला आहे, चूल विझली आहे, डबा रिकामा आहे. आणि जे आपल्याजवळ नाही ते त्या उपाशी माणसाच्या पुढ्यात ठेवता यावे म्हणून तो शेजाऱ्याची झोप मोडतो. भूक त्याची स्वतःची असती तर तांब्याभर पाणी पिऊन तो कदाचित निजला असता. पाहुणा ओसरीवर वाट पाहत बसला असता मात्र रिकाम्या हाताने घरी परतणे त्याला अशक्य होते. मध्यस्थीतील चिकाटीचा उगम असा दुसऱ्याच्या भुकेत आहे, आणि म्हणूनच केवळ मनोनिग्रहाने ती साधत नाही. ज्याच्यासाठी मागावयाचे तो माणूस आधी आपल्या ओसरीवर येऊन बसावा लागतो.

महाराष्ट्रात या चिकाटीचे ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आहे. 1889 साली मुंबईत शारदा सदन काढणाऱ्या पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली व बायका आणल्या आणि केडगावच्या उजाड माळावर मुक्ती सदन वसविले. 1898 साली इंग्लंडातील केझिक येथील मेळाव्यात त्या गेल्या तेव्हा तेथे जमलेल्यांजवळ त्यांनी हिंदुस्थानातील ख्रिस्ती जनांसाठी प्रार्थना करण्याची याचना केली. त्यानंतर सात वर्षांनी, 1905 च्या जानेवारीत, त्यांनी आश्रमातील मुलींना रोज एकत्र जमून प्रार्थना करण्याविषयी सांगितले. सुमारे 70 जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या 550 झाली. आणि जूनच्या अखेरीस, श्रद्धेच्या ज्या सामूहिक जागृतीला ख्रिस्ती मंडळी उज्जीवन म्हणतात ती तेथे घडून आली व तिची वार्ता देशोदेशी गेली.

उज्जीवनाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मला मात्र त्या पहिल्या सत्तर जणींविषयी विचार करावासा वाटतो. त्या बहुतेक दुष्काळाने होरपळलेल्या, आप्तांनी टाकलेल्या किंवा आप्तांना गमावलेल्या मुली होत्या. काही वर्षांपूर्वी कोणीतरी त्यांच्यासाठी दारोदार भाकर मागितली होती, म्हणून त्या जगल्या होत्या. आता त्या स्वतः दुसऱ्यांसाठी मागावयास बसल्या. देणेकरी जेव्हा अशा रीतीने दुसऱ्याचा जामीन होतो तेव्हा दयेची परंपरा पुढे चालते. आणि या मुली केवळ हात जोडून बसल्या नव्हत्या, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. त्याच आश्रमात माग चालत, छापखाना चाले, शेती होई, अंध मुलींना वाचावयास शिकविले जाई. रमाबाई स्वतः पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करीत होत्या. 1921 साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली, तरीही तो उद्योग त्यांनी सोडला नाही, आणि 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवण्यापूर्वी तो तडीस नेला. प्रार्थना व परिश्रम यांची त्यांनी कधी फारकत होऊ दिली नाही.

येथे विचारी वाचक दोन आक्षेप घेईल. पहिला असा की, देव सर्वज्ञ असेल तर त्याला तीच कैफियत रोज ऐकविण्याचे प्रयोजन काय? येशूने स्वतः निरर्थक शब्दबडबडीचा निषेध केला आहे, तेव्हा प्रार्थनेची संख्या वाढवून देवाकडून हुकूम मिळविता येतो असे मी मुळीच मानीत नाही. तथापि शब्द पुन्हा उच्चारणे आणि माणूस पुन्हा उचलून धरणे यांत अंतर आहे. आजारी मुलाच्या कपाळावर आई रात्रभर पट्ट्या बदलते. प्रत्येक पट्टी आधीच्यासारखीच असते, म्हणून तिला कोणी पुनरुक्ती म्हणत नाही. अब्राहामाने सदोमासाठी रदबदली करताना पन्नास नीतिमानांपासून दहापर्यंत मागणी उतरवीत नेली, आणि त्या प्रत्येक पायरीवर आपण ज्याच्यापुढे उभे आहोत तो किती न्यायी व दयाळू आहे याची त्याला नव्याने ओळख पटत गेली. मागत राहण्याने मागणाऱ्याची मागणी शुद्ध होते, आणि ज्याच्याशी आपण बोलतो त्याच्या इच्छेत आपली इच्छा मिसळत जाते. म्हणूनच देवाने ही भागीदारी माणसाच्या हाती दिली असावी, अशी माझी श्रद्धा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वेदनेतून येतो: मागूनही मिळाले नाही, तर? जॉर्ज म्यूलर या ब्रिस्टलच्या अनाथपालकाचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. 1844 साली म्यूलर यांनी पाच व्यक्तींच्या उद्धारासाठी रोज प्रार्थना आरंभिली. तिघांच्या बाबतीत काही वर्षांत फळ दिसले, आणि छत्तीस वर्षांनंतरही उरलेल्या दोघांसाठी ती चालूच होती. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने तीनदा मागितले, आणि ज्या रूपात मागितले त्या रूपात त्याला मिळाले नाही. म्हणून उत्तर न मिळणे हे अविश्वासाचे लक्षण आहे असे कोणी दुःखी माणसास सांगू लागला, तर त्याने ख्रिस्ताचे चरित्र नीट वाचलेले नाही असे मी खुशाल म्हणेन.

माझ्या आईची एक वही माझ्याजवळ आहे. वडील नगर जिल्ह्यातून धरणाच्या कामावर मिस्त्री म्हणून आले, त्यांच्यामागून ती आली. वस्तीत तीन-चारच ख्रिस्ती घरे होती, आणि रविवारी कोणाच्या तरी खोलीत सतरंजी अंथरून उपासना होई. तांबड्या पुठ्ठ्याच्या त्या वहीत तिने प्रत्येक पानावर दोन रकाने पाडले आहेत: डाव्या रकान्यात नाव, उजव्या रकान्यात तारीख. ज्याच्याविषयी तिच्या भाषेत ‘ओझे’ वाटे त्याचे नाव डावीकडे येई, आणि उत्तर मिळाले की उजवीकडे तारीख पडे. 1983 च्या सप्टेंबरात, धरणात पाणी साठू लागल्यावर खर्डीच्या बाजूने भूकंपाचे धक्के बसले, त्यांतील सर्वांत मोठा जवळजवळ पाच तीव्रतेचा होता, आणि भिंतींची खात्री न राहिल्यामुळे माणसे उघड्यावर निजू लागली. त्या महिन्याच्या पानावर आसपासच्या पाड्यांची नावे एकाखाली एक लिहिलेली आहेत. ते ठाकूर-कातकऱ्यांचे पाडे होते. तेथे आमचा ना कोणी सोयरा होता ना धर्मबंधू.

त्याच वहीत पुढे एका अंमलदाराचे नाव आहे. वडिलांच्या हक्काच्या रकमेचा कागद एका कचेरीत तीन वर्षे पडून होता, आणि तो ज्यांच्या मेजावर पडून होता त्या गृहस्थाचे ते नाव. त्यांच्या हातून कागद सुटावा अशी प्रार्थना आई करीत असेल असे मला वाटे, पण एकदा विचारले तेव्हा ती म्हणाली, “अरे, त्यांचा मुलगा अंथरुणाला खिळलाय. कागदासाठी मी अर्ज देतेच की दर महिन्याला. प्रार्थना त्या मुलासाठी.” आणि खरोखरच दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती पिशवीत अर्जाची नक्कल घालून एसटीने जाई, दुपारपर्यंत बाकावर बसे, मुलाची प्रकृती विचारून परत येई. लूकाच्या अठराव्या अध्यायातील अन्यायी न्यायाधीशाकडे तगादा लावणारी विधवा मला पुस्तकातून कळण्यापूर्वी अशी घरात दिसली. तगादा लावावा, पण ज्याच्याकडे लावावयाचा त्याचेही नाव प्रार्थनेच्या वहीत असावे, हे मला तिने शिकविले.

हे सर्व आजच लिहिण्यास कारण आहे. मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी एकटे भातसा धरण पुरविते. नदीच्या पात्रातून ते पिसे येथपर्यंत वाहत जाते, तेथे उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते, आणि शहराच्या लाखो नळांतून बाहेर पडते. तानसाचे धरण तर याच तालुक्यात 1892 पासून शहराची तहान भागवीत आहे. आणि उन्हाळा आला की या धरणांच्या आसऱ्याला असलेल्या तालुक्यातील गावपाडे टँकरची वाट पाहतात. ज्यांच्या डोंगरांवर पडलेला पाऊस दूरची माणसे पितात, त्यांच्याच घरची हंडी रिकामी राहावी, हा अन्याय आपण वर्षानुवर्षे पाहून अंगवळणी पाडून घेतला आहे.

मुंबईतील प्रत्येक ख्रिस्ती मंदिरात रविवारी मध्यस्थीची प्रार्थना होते. राज्यकर्ते, आजारी, शोकग्रस्त, पाऊसपाणी, सर्वांचे स्मरण केले जाते. परंतु सर्वांसाठी केलेली प्रार्थना पुष्कळदा कोणासाठीच केलेली नसते. माझी विनंती अशी की, प्रत्येक मंडळीने शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एकेक तहानलेला पाडा नावाने घ्यावा. एका उन्हाळ्यापुरता न घेता, त्या पाड्याच्या दाराशी पाणी येईपर्यंत घ्यावा. ते नाव दर रविवारी उच्चारले गेले म्हणजे तो पाडा कोठे आहे हे कोणीतरी विचारील, कोणीतरी तेथे जाऊन विहीर पाहून येईल, कोणीतरी अर्ज लिहील, आणि तो अर्ज दफ्तरी दाखल झाला तर दुसरा लिहील. ज्यांची देवावर श्रद्धा नाही अशा वाचकांनीही एखादे परके नाव असे वर्षानुवर्षे मनात वागवून पाहावे. त्या नावाने त्यांचे पाय घराबाहेर काढल्याखेरीज राहणार नाहीत.

आईच्या वहीत त्या अंमलदाराच्या नावापुढे तारीख आहे. मुलगा काठी घेऊन चालू लागला त्या दिवसाची. वडिलांचा कागद त्यानंतर सात महिन्यांनी सुटला, त्याची नोंद तिने केलेली नाही. त्या पाड्यांच्या नावांपुढे मात्र, शेवटच्या दुखण्यात ती वही उशाशी घेऊन पडली होती तेव्हाही, उजवा रकाना कोरा होता. धक्के थांबल्यावर तेथे तारीख का टाकली नाहीस असे मी विचारले, तेव्हा तिने तांब्याकडे बोट दाखविले व म्हटले, “त्यांच्याकडे अजून पाणी कुठे आलंय?” ती वही आता माझ्याकडे आहे, आणि त्या पानावरील नावे मी रोज संध्याकाळी वरून खाली वाचतो.