तिघींपैकी चांगली कोण?

हेवी मेटल हा संगीतप्रकार आपल्या वाचक मैत्रिणींपैकी फार थोड्या जणींच्या ऐकण्यातला असेल. कानठळ्या बसवणाऱ्या गिटार, छातीत धडधडणारे ड्रम्स, काळे कपडे घातलेले लांब केसांचे पुरुष, असं त्याचं चित्र आपल्या मनात असतं आणि ते अगदीच चुकीचं नाही. तरीही या संगीताच्या चाहत्यांमध्ये जवळजवळ वीस वर्षं चाललेल्या एका वादाबद्दल मी इथे लिहिते आहे. वरवर पाहता तो गाण्याचा वाद आहे. मला मात्र तो बाईच्या कामाचा, तिच्या बाळंतपणाचा आणि तिला कामावरून कसं दूर केलं जातं याचा वाद वाटतो.

तरुण मुलामुलींच्या गटांबरोबर काम करताना हा वाद माझ्या कानावर अनेकदा पडला. ‘नाईटविश’ हा फिनलंडचा बँड. त्यात आजवर तीन मुख्य गायिका झाल्या : तार्या तुरुनेन, आनेट ओल्झोन आणि फ्लोर यान्सन. तिघींपैकी चांगली कोण, यावर ही मुलं तासन्‌तास भांडू शकतात. तार्याचा आवाज ऑपेराचा, शास्त्रोक्त शिक्षण घेतलेला. आनेटचा साधा, पॉप गाण्यांच्या वळणाचा. फ्लोर ऑपेराही गाते आणि मेटलमधली ती गुरगुरही करते. आवाजाच्या या तुलनेला माझा मुळीच आक्षेप नाही. गाणं ऐकणाऱ्याला आवडनिवड असणारच. पण हा वाद पाच मिनिटांच्या वर चालला की तो आवाजावर राहात नाही. एक गर्विष्ठ होती, तिला नवऱ्याने बिघडवलं. दुसरी रडूबाई होती, तिला झेपलंच नाही. तिसरी किती समजूतदार, सगळ्यांशी जमवून घेते. हे ऐकताना मला वाटतं, आपण गायिकांबद्दल ऐकतो आहोत की एखाद्या घरातल्या थोरल्या, मधल्या आणि धाकट्या सुनेबद्दल?

मग मी या तिघी आल्या कशा आणि गेल्या कशा, याची माहिती घेतली.

१९९६ साली किते नावाच्या छोट्या गावात हा बँड सुरू झाला. तुओमास होलोपाइनेन, एम्पू वुओरिनेन आणि तार्या हे तिघे संस्थापक. म्हणजे तार्या ही नंतर बोलावलेली गायिका नव्हती, पहिल्या दिवसापासून ती बरोबरीची भागीदार होती. बहुतेक गाणी लिहिणारा आणि बँडची दिशा ठरवणारा मात्र तुओमास. २१ ऑक्टोबर २००५ रोजी हेलसिंकीत एका मोठ्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. तो चित्रित केला जात होता. कार्यक्रम संपल्यावर चारही पुरुष सहकाऱ्यांनी तिच्या हातात एक पत्र ठेवलं : यापुढे तुझ्याबरोबर काम करणार नाही. पाठोपाठ हेच पत्र जगजाहीर केलं गेलं. तिला पैसा आणि व्यवहार महत्त्वाचे झाले आहेत, लग्नानंतर नवऱ्यामुळे ती बदलली आहे, असा त्याचा सूर होता. नऊ वर्षांच्या सहकाऱ्याला दूर करताना समोर बसून बोलणं नाही, तिची बाजू ऐकणं नाही. त्या कार्यक्रमाचं चित्रण मात्र पुढच्या वर्षी ‘एंड ऑफ ॲन एरा’ या नावाने विक्रीला आलं.

भागीदारी मोडू शकते, माणसांचं पटेनासं होतं. तार्याच्या वागण्यात दोष नसतीलच असं मी म्हणत नाही. पण पत्रातली विचारसरणी आपल्या ओळखीची आहे. पुरुषाने पैशाचा हिशेब मागितला तर तो व्यवहारी, बाईने मागितला तर ती लोभी. आणि ती असं वागते ते स्वतःच्या बुद्धीने नव्हे, नवऱ्याच्या सांगण्यावरून! म्हणजे दोषही तिचा आणि तो दोष करण्याइतकी अक्कलही तिला नाही.

आनेट ओल्झोन ही स्वीडनची. दोन हजारांच्या आसपास इच्छुकांमधून निवडलेली ही गायिका २००७ साली बँडमध्ये आली तेव्हा एका मुलाची आई होती. पहिल्या दिवसापासून ‘ही तार्या नाही’ हेच तिला ऐकून घ्यावं लागलं. तिच्या आवाजाबरोबर तिचे कपडे, तिचं वय, तिचं दिसणं सगळं चव्हाट्यावर आलं. २०१० साली तिला दुसरं मूल झालं. तो काळ दोन मोठ्या दौऱ्यांच्या मधला होता, त्यामुळे काही अडलं नाही. मग २८ सप्टेंबर २०१२ रोजी अमेरिकेत डेन्व्हर इथे आजारी पडून तिला रुग्णालयात जावं लागलं. त्या रात्रीचा कार्यक्रम दुसऱ्या दोन गायिकांना उभं करून पार पाडला गेला. आपल्याला न विचारता हे केलं, अशी खंत तिने जाहीरपणे बोलून दाखवली. तीनच दिवसांनी, १ ऑक्टोबरला, ती बँडमध्ये नसल्याची घोषणा झाली.

आपलं गरोदरपण हे खरं कारण होतं, असं आनेटने नंतर मुलाखतींतून सांगितलं. गरोदरपण किंवा आजार हे कारण नव्हतं, तिचा स्वभाव आमच्या कामात बसत नव्हता, असं बँडने सांगितलं. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी बदली गायिका घेण्यावरून मतभेद झाले होते, हे दोन्हीकडून आलेलं आहे. खरं काय, याचा निवाडा इथे बसून मी करणार नाही. पण ‘स्वभाव जुळत नाही’ हे शब्द आपल्यापैकी किती जणींनी ऐकले असतील! नोकरी गेलेल्या बायकांची प्रकरणं हाताळताना मी हे कारण इतक्यांदा वाचलं आहे की ते दिसलं की मी आधी तारखा तपासते. ती आजारी कधी पडली, दिवस गेल्याचं कधी सांगितलं आणि स्वभाव केव्हापासून खटकू लागला?

आता त्याच बँडमधल्या पुरुषांकडे पाहू. ढोलवादक युक्का नेवालाइनेनला निद्रानाशाचा तीव्र त्रास होता. २०१४ साली तो बाजूला झाला आणि त्याच्या जागी काइ हाहतो वाजवू लागला. पण युक्काचं सदस्यत्व गेलं नाही. पाच वर्षं जागा त्याचीच होती, बँडच्या इतर कामांतही तो होता. २०१९ साली त्याने स्वतःच परत न येण्याचं ठरवलं तेव्हा हाहतो कायम झाला. २०२१ साली मार्को हिएताला नैराश्याचं कारण सांगून बाहेर पडला, तेव्हा चाहते हळहळले. हे सगळं योग्यच झालं. आजारी सहकाऱ्याशी असंच वागायला हवं. हा बँड असं वागू शकतो, हे युक्काच्या बाबतीत दिसलं. म्हणूनच डेन्व्हरनंतरचे ते तीन दिवस मला जास्त खटकतात.

पुरुषांनाही काढलं जातं, असं कुणी म्हणेल आणि ते खरं आहे. याच बँडच्या सामी व्हॅन्स्का या बास गिटार वाजवणाऱ्याला २००१ साली मतभेदांमुळे बाहेर पडावं लागलं. ‘ब्लॅक सबाथ’ने १९७९ साली ऑझी ऑस्बॉर्नला दारू आणि नशेपायी काढून रॉनी जेम्स डिओला घेतलं. ‘आयर्न मेडन’मध्ये १९८१ साली पॉल डिआनोच्या जागी ब्रूस डिकिन्सन आला, १९९४ पासून १९९९ पर्यंत ब्लेझ बेली गायला आणि मग ब्रूस परतला. हाच बँड २००८ साली मुंबईत येऊन गेला, तेव्हा आपल्याकडच्या मुलांनीही या वादात हौसेने भाग घेतला असेल. ऑझी की डिओ, हा वाद चाळीस वर्षांहून जास्त चालला आहे. पण तो मुख्यतः आवाजाचा, गाण्यांचा वाद आहे. ऑझी तेव्हा बाप होता. त्याची मुलं कोण सांभाळतं, असा प्रश्न या वादात कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

तिसरी फ्लोर यान्सन, नेदरलंड्सची. आनेटच्या जागी तिला तातडीने बोलावलं गेलं. दोनेक दिवसांत गाणी तयार करून १ ऑक्टोबर २०१२ ला ती सिअ‍ॅटलच्या मंचावर उभी राहिली. चाहत्यांच्या लेखी ही शौर्यकथा आहे. तिच्या कर्तबगारीबद्दल शंकाच नाही. पण या कथेत दोन गोष्टी झाकल्या जातात. एक म्हणजे, ती जागा एका आजारी बाईची होती. दुसरी, ही न थकणारी फ्लोर २०११ साली कामाच्या ताणाने पूर्ण कोलमडली होती. तिला कायम सदस्य करायला बँडने वर्ष घेतलं, ऑक्टोबर २०१३ पर्यंत. पुढे २०१७ हे वर्ष बँडने विश्रांतीचं ठरवलं आणि त्याच वर्षी तिला मुलगी झाली. २०२२ साली स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, २०२३ साली दुसरी मुलगी, आणि ती आजही गाते आहे. याचा अर्थ ती आनेटपेक्षा कणखर, असा चाहते लावतात. मी असा लावते की कामाचं वेळापत्रक माणसाच्या आयुष्याला जागा देऊ शकतं. तशी जागा असली की बाई टिकते.

आपल्या १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बाळंतपणाच्या रजेवर असताना कामावरून काढायला बंदी केली. २०१७ साली रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी आल्या. पण दुकानं आणि आस्थापनांसाठी अट दहा किंवा अधिक माणसांची. पाच-सहा जणांचा बँड अशा चौकटीत बसत नाही. पाच-सहा जणींची सामाजिक संस्थाही बसत नाही. आणि तिथेही ‘आपण सगळे एक कुटुंब’ हीच भाषा असते. कुटुंबात करार कसला मागायचा? मागितला की ती पैशाच्या मागे लागलेली. पुढे पटेनासं झालं की ‘स्वभाव जुळत नाही’ आहेच. तार्याच्या पत्रात मला आपल्याच क्षेत्रातली काही पत्रं दिसली, म्हणून हा लेख लिहावासा वाटला. लहान गटांनी, आपल्याही, रजा, बदली माणूस, परत येण्याचा हक्क आणि वेगळं होण्याची रीत कागदावर लिहून ठेवली पाहिजे. सगळं छान चाललेलं असतानाच.

चाहत्यांनी या तिघींना एकमेकींच्या सवती करून टाकलं. त्या स्वतः तशा वागल्या नाहीत. २०१३ साली बेल्जियममधल्या एका महोत्सवात तार्या आणि फ्लोर एकत्र गायल्या. तार्या आणि मार्को, ज्याची सही त्या पत्रावर होती, तेही २०२४ साली पुन्हा एका गाण्यात एकत्र आले.

तरुण मुली या वादात उतरतील तेव्हा ‘हे कसलं संगीत’ म्हणून त्यांना उडवून लावू नका. चांगली कोण, हे त्यांना ठरवू द्या. त्याबरोबर एवढंच विचारा : ती आली तेव्हा तिच्याशी काय ठरलं होतं, आजारी पडली तेव्हा काय झालं, आणि जाताना तिचं म्हणणं कुणी ऐकलं का? आपापल्या गटात यावर बोलणं झालं, तर जरूर कळवा.