गोरं करणारं क्रीम किडनीपर्यंत कसं पोहोचतं?

2023 च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी गाजली. तरुण मुलगी, आई आणि बहीण, तिघींनाही किडनीचा आजार. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर तिघींमधला समान धागा सापडला: गोरं होण्याचं क्रीम. त्यात पारा होता.

पारा त्वचेचा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा खरंच उजळतो. गिऱ्हाईक खूश! पण तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून किडनीत जातो. तिथल्या लाखो बारीक गाळण्यांना इजा झाली, सूज आली की रक्तातलं प्रथिन लघवीत गळायला लागतं. लघवीला फेस येतो, डोळ्यांभोवती आणि पायांवर सूज दिसते. दुखत मात्र काहीच नाही, म्हणून लोक अंगावर काढतात.

केरळच्या कोट्टक्कलमध्येही 2021 ते 2023 दरम्यान अशा आजाराचे 22 रुग्ण आढळले. त्यातल्या 13 जणांनी अशी क्रीम्स वापरल्याचं सांगितलं. वापर थांबवल्यावर बऱ्याच जणांचा त्रास ओसरला.

नियमानुसार अशा क्रीममध्ये दहा लाखात एक भागापेक्षा जास्त पारा चालत नाही. पण डबीवर बनवणाऱ्याचं नावच नसेल तर पकडणार कुणाला? आणि मोबाईलवरून मागवलेली डबी अकोल्यात येते, तशी नंदुरबारजवळच्या रनाळ्यातही येऊ शकते.

गरोदर महिलांची लघवी तपासायची साधी पट्टीही हे प्रथिन दाखवते. नुसतं क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. डॉक्टरकडे जाताना क्रीमची डबीही सोबत न्या.